सतरा आकडे आणि हातचा एक

आधी एक कबुलीजबाब देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी हा विषय 'पास झालं की झालं' एवढ्यापुरताच होता, आणि मराठी आकड्यांशी तर माझं कधीच जमलं नाही. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतला नेमका कुठला काय, हे आजही मला मनातल्या मनात इंग्रजीत करून बघावं लागतं. मेसच्या मावशी 'एकोणऐंशी राहिले बघ' म्हणाल्या की मी सरळ शंभराची नोट पुढे करते, आणि सुटे पैसे परत आले की मग कळतं, किती झाले होते ते! अशा मुलीने मराठी विभागात लिहायचं, आणि तेही आकड्यांवर, हे जरा अतिच आहे. पण लिहायला तसं कारण घडलं. म्हणून सांभाळून घ्या.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी होस्टेलवरच राहिले आणि इथेच चिखलीत, तळवड्याच्या बाजूला, एका छोट्या वर्कशॉपमध्ये महिनाभर ट्रेनिंग केलं. तीन सीएनसी, दोन जुने लेथ आणि कोपऱ्यात पत्र्याची एक केबिन. वाटलं होतं मशीनवर उभं करतील. पण 'इंजिनिअरिंगची पोरगी आहे, कॉम्प्युटर येत असेल' म्हणून मला केबिनमध्ये बसवलं. काम काय, तर माल पाठवायच्या बॉक्सवर लावायची लेबलं छापायची.

प्रत्येक लेबलवर १७ आकडी नंबर. पहिले ४ आकडे सप्लायर कोडचे, पुढचे ५ पार्टचे, मग ६ तारखेचे आणि शेवटचे २ बॉक्सचा अनुक्रम, म्हणजे ०१, ०२, ०३... एके दिवशी ४० बॉक्स जायचे होते. मी स्प्रेडशीटमध्ये पहिला नंबर टाइप केला, तर त्याने काहीतरी विचित्र 'ई प्लस १६' असं दाखवलं. मी हुशारीने सेलचा फॉरमॅट बदलला, पूर्ण नंबर दिसायला लागला, खाली ४० ओळींपर्यंत ओढलं आणि प्रिंट दिली. पहिले १५ आकडे सगळ्या लेबलांवर सारखेच असायला हवे होते, ते तसे होते. शेवटचे दोन मी पाहिलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो गेला आणि दुपारी तसाच परत आला. गेटवर स्कॅन करताना पहिला बॉक्स घेतला, उरलेले ३९ 'आधीच आलेले' दिसले. चाळीसच्या चाळीस लेबलांच्या शेवटी ०० होतं!

आरडाओरडा झाला. लेबलं चिकटवणारा हेल्पर कंत्राटी मुलगा होता, माझ्याच वयाचा असेल. 'एकच लेबल सगळीकडे चिकटवतोस काय रे? आजची हजेरी कापा याची!' असं सुपरवायझर म्हणाले. तो खाली बघत उभा. मी तिथेच होते. चूक नक्की कुठे झाली हे मला ठाऊक नव्हतं, पण शंका आली होती. आणि मी गप्प बसले.

ही गोष्ट इथे लिहायला मला आवडत नाहीये, पण पुढचं सगळं त्या गप्प बसण्यातूनच निघालं.

रात्री होस्टेलवर रूममेटला सांगितलं. ती कॉम्प्युटर ब्रँचची. ती म्हणाली, 'स्प्रेडशीटला अशी बेरीज-गुणाकार दे की ज्याचं उत्तर आपल्याला आधीच पाठ आहे. नऊ वेळा १ लिही, त्याला त्यानेच गुण. उत्तर सतरा आकडीच येतं.' मी करून बघितलं. उत्तर यायला हवं होतं

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

आणि पडद्यावर आलं १२३४५६७८९८७६५४३००. शेवटचे दोन आकडे गायब. म्हणजे चूक त्या मुलाच्या हाताची नव्हती. नंबर कागदावर यायच्या आधीच बिघडला होता, माझ्या डोळ्यांसमोर.

सकाळी जाऊन सुपरवायझरना सांगितलं. मला चार शब्द ऐकवले, पण हजेरी परत लावली. तो मुलगा काही बोलला नाही. जेवणाच्या सुट्टीत मात्र त्याने विचारलं, 'ताई, कॉम्प्युटरचा पण हिशोब चुकतो?' मी म्हटलं, चुकतो. त्यावर तो म्हणाला, 'मग आपल्याला कसं कळणार?'

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे असं समजा. त्यासाठी ती पाठ असलेली १७ आकडी संख्याच हाताशी घेऊ, कारण तिच्यात सगळं सापडतं.

जिना कसा बनतो

१ पासून ९ पर्यंत चढायचं आणि परत १ पर्यंत उतरायचं. बघताना जादू वाटते, पण आहे साधा गुणाकार. छोटं उदाहरण घ्या. १११ ला १११ ने गुणायचं म्हणजे काय? १११ तीनदा लिहायचं, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून:

१११ + १११० + १११०० = १२३२१

एककाच्या घरात एकच १ येतो. दशकाच्या घरात दोन, शतकाच्या घरात तीन. त्यानंतर पुन्हा दोन आणि एक. प्रत्येक घरात किती १ एकाखाली एक आले, तेवढाच आकडा. नऊ वेळा १ असलेली संख्या नऊदा सरकवून लिहिली की मधल्या घरात नऊ १ जमतात, आणि दोन्ही बाजूंना एकेक कमी होत जातो. झाला जिना! यात हातचा कुठेच येत नाही, कारण कुठल्याच घरात बेरीज ९ च्या वर जात नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही संख्या मराठीत वाचायची कशी, असा प्रश्न मला पडला. कोटीच्या पुढे माझी मजल नव्हती. शेवटी आजीला फोन केला. तिने 'एकं, दहं, शतं, सहस्र' असं सुरू केलं, पण खर्व-निखर्वपाशी तीही अडली. मग लायब्ररीत पाहिलं. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त अठरा स्थानांची नावं आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. म्हणजे आपली संख्या वाचायची ती अशी: १ मध्य, २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ अर्बुद, आणि मग ८ कोटीपासून खाली उतरत एककापर्यंत. अजून एक घर असतं तर परार्ध झालं असतं. आणि गंमत म्हणजे स्प्रेडशीटचे १५ आकडे बरोबर जलधीपर्यंत पोहोचतात. जलधी म्हणजे समुद्र. त्याच्या पुढे तिला पोहता येत नाही!

देवळालीचे मास्तर

आमच्या गणिताच्या मॅडमना ही संख्या दाखवली, तर त्या लगेच म्हणाल्या, 'अगं, ही तर कापरेकरांची डेम्लो संख्या.'

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा. शिक्षण ठाण्यात आणि मग पुण्यात फर्ग्युसनमध्ये. कॉलेजात असतानाच, १९२७ मध्ये, गणितातल्या स्वतंत्र कामासाठी त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९२९ मध्ये बी.एस्सी. झाले आणि १९३० पासून १९६२ ला निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवत राहिले. पीएच.डी. नाही, युनिव्हर्सिटीत नोकरी नाही, कॉम्प्युटर तर नाहीच नाही. कागद, पेन्सिल आणि आकडे, बस्स.

मुंबईपासून ३० मैलांवर, तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवर डेम्लो नावाचं स्टेशन होतं. आज आपण त्याला डोंबिवली म्हणतो. या संख्यांचा अभ्यास करायची कल्पना त्यांना तिथे सुचली, म्हणून नाव डेम्लो संख्या. १९३८ मध्ये 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात त्यांचा यावरचा लेख आला. रोज लोकलला लोंबकळणाऱ्या माझ्या डोंबिवलीकर मैत्रिणीला हे सांगितलं, तेव्हा तिचा विश्वासच बसेना. ती म्हणाली, 'आमच्या स्टेशनवर फक्त पाकीट मारलं जाऊ शकतं, कल्पना सुचू शकत नाही!'

डेम्लो संख्येचे तीन भाग पाडायचे: डावा, मधला आणि उजवा. डावा आणि उजवा यांची बेरीज केली की एकच आकडा पुन्हा पुन्हा यायला हवा, आणि मध्येही तोच आकडा हवा. १२३२१ घ्या. डावीकडे १२, उजवीकडे २१, बेरीज ३३, आणि मध्ये ३. आता आपली मोठी संख्या:

१२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९

आणि मध्ये ९. जमलं की नाही?

कापरेकरांनी अशा कितीतरी संख्यांना नावं दिली. त्यांची ६१७४ तर जगभर माहीत आहे. कुठलीही चार आकडी संख्या घ्या (चारही आकडे सारखे नकोत), तिचे आकडे उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता. मेसच्या रांगेत उभं राहून करून बघा, पोळी येईपर्यंत होतं. दुसरा प्रकार हर्षद संख्यांचा. हर्षद म्हणजे हर्ष देणारी. ज्या संख्येला तिच्याच आकड्यांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, ती हर्षद. आपल्या सतरा आकड्यांची बेरीज ८१ होते, आणि

१२३४५६७८९८७६५४३२१ ÷ ८१ = १५२४१५७८९९७१०४१

बाकी शून्य. म्हणजे आपली संख्या डेम्लोही आहे आणि हर्षदही. तिचे मूळ अवयव पाडले तर ३ × ३ × ३ × ३ × ३७ × ३७ × ३३३६६७ × ३३३६६७ असे निघतात. त्यावरून तिला एकूण ४५ विभाजक आहेत हेही मोजता येतं.

'याचा उपयोग काय?' हा प्रश्न आपण कट्ट्यावर विचारतो, तसा कापरेकरांच्या कामाबद्दलही विचारला गेला. आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना हे काम म्हणजे नुसता आकड्यांचा खेळ वाटायचं. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा ते बाहेरच्या जगाला कळले. मास्तर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये ते गेले. उपयोगाचा प्रश्न मी आत्ता बाजूला ठेवते, कारण त्याचं माझ्यापुरतं उत्तर पुढे येईलच.

दहावा १ आला की

नऊच्या ऐवजी दहा वेळा १ लिहून वर्ग केला तर? माझा अंदाज होता की जिना आणखी एक पायरी चढेल. पण उत्तर येतं:

१२३४५६७९००९८७६५४३२१

चढताना ८ कुठे गेला? आणि मध्ये हे दोन शून्य कुठून आले? रूममेटला वाटलं, पुन्हा मशीनने घोळ केला. नाही. हे उत्तर बरोबर आहे. इथे येतो तो हातचा.

मधल्या घरात आता दहा १ जमले. लिहायचा ०, हातचा १. डावीकडच्या घरात ९ होते, त्यात हातचा १ मिळवला की पुन्हा १०. पुन्हा लिहायचा ०, हातचा १. त्याच्या डावीकडे ८ होता, तो झाला ९. तिथे हातचा संपला. म्हणजे ८ हरवला नाही, त्याला बढती मिळाली! एक हातचा आला आणि दोन घरं ओलांडून गेला, एवढंच.

ही गोष्ट कळली आणि आणखी एक कोडं सुटलं. लहानपणी वाढदिवसाला मिळालेल्या एका पुस्तकात होतं की १२३४५६७९ ला ९ ने गुणलं की नऊ वेळा १ येतो. या संख्येत ८ का नाही, हे पुस्तकात कुठेच नव्हतं. कारण तेच आहे. १ ला ८१ ने भागत बसलं तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... असं न संपणारं उत्तर येतं. हा एक न संपणारा जिनाच आहे: १, २, ३ करत ८, ९, १०, ११... प्रत्येकाला घर मात्र एकच. १० चा हातचा ९ वर जातो, त्याचा ८ वर, आणि ८ चा ९ होतो. वर्गातही ८ नाही, भागाकारातही नाही. दोन्हीकडे चोर एकच, हातचा.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी जाता जाता: हेक्साडेसिमलमध्ये हा जिना ९ ला न थांबता थेट एफपर्यंत चढतो, कारण तिथे हातचा १६ झाल्यावर येतो. म्हणजे १५ वेळा १ लिहिता येतो. ८ हरवण्यात ८ चा काही दोष नाही, आपल्या हाताला दहा बोटं आहेत हा दोष.

मशीन कुठे घसरतं

आता त्या मुलाचा पहिला प्रश्न. कॉम्प्युटरचा हिशोब चुकतो का? खरं सांगायचं तर त्याला जेवढी घरं दिली आहेत तेवढ्यात तो चुकत नाही. घरं संपली की प्रत्येक यंत्र आपापल्या स्वभावाप्रमाणे वागतं.

दुकानातला १२ आकडी कॅल्क्युलेटर 'ई' दाखवून थांबतो. हा मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. 'मला जमत नाही' म्हणतो आणि मोकळा होतो.

आपला परीक्षेतला सायंटिफिक कॅल्क्युलेटर १.२३४५६७८९९ गुणिले १० चा १६ वा घात असं काहीसं दाखवतो. म्हणजे अंदाज सांगतो, पण निदान अंदाज आहे हे तरी दिसतं.

सी मध्ये साध्या ३२ बिटांच्या इंटमध्ये हा गुणाकार केला, तर आमच्या लॅबमध्ये १६५३७३२५२९ आलं. याचं खऱ्या उत्तराशी दिसायला काहीच नातं नाही. ३२ बिटांच्या वरचा सगळा भाग सांडून गेला आणि तळाशी राहिलं ते छापलं. कंपाइलर हूं की चूं करत नाही.

डबल वापरलं तर १२३४५६७८९८७६५४३२० येतं. चूक फक्त शेवटच्या १ ची, म्हणून जास्त फसवी. डबलमध्ये संख्येसाठी ५३ बिट मिळतात. त्यामुळे २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, इथपर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्या त्यात नीट बसते. त्याच्या पुढे मात्र एकाआड एकच बसते: सम संख्यांना जागा, विषमांना नाही. आपली संख्या या हद्दीच्या पुढे आहे आणि विषम आहे. तिला उभं राहायला जागाच नाही, म्हणून तिला शेजारच्या सम संख्येत ढकललं जातं.

आणि स्प्रेडशीट १५ आकडे ठेवते, पुढे शून्यं भरते. माझ्या लेबलात पहिले १५ आकडे कोड, पार्ट आणि तारखेचे होते आणि शेवटचे २ बॉक्सच्या अनुक्रमाचे. म्हणजे नेमकी जी माहिती प्रत्येक बॉक्सला वेगळी होती तीच पुसली गेली, बाकी सगळं जसंच्या तसं. लाँग लाँग इंटमध्ये ही संख्या व्यवस्थित मावते, आणि लेबलचा नंबर स्प्रेडशीटमध्ये टाकायच्या आधी सेल 'टेक्स्ट' केला असता तर काहीच झालं नसतं. लेबलवरचा नंबर हा नंबर नसतोच मुळी, ते नाव असतं. त्याची बेरीज-वजाबाकी कोण करतंय? हे मला कळायला एक टेम्पो परत यावा लागला.

ताळा

आता दुसरा प्रश्न, आणि तोच महत्त्वाचा. 'मग आपल्याला कसं कळणार?'

त्या वर्कशॉपमध्ये डिस्पॅच बघणारे एक काका आहेत. पिंपरी-चिंचवडला जकात होती तेव्हापासून तिथे. लेबलांच्या दिवशी ते रजेवर होते. परत आल्यावर त्यांनी ती ०० वाली लेबलं हातात घेतली, पेन्सिल कानावरून काढली आणि दोन-तीन लेबलांवर काहीतरी पुटपुटत बेरजा केल्या. म्हणाले, 'पोरी, ताळा नाही बघितलास?'

मी विचारलं, 'ताळा म्हणजे?' त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

ताळा म्हणजे हिशोब बरोबर आहे की नाही हे दुसऱ्या वाटेने तपासून बघणं. 'ताळा जुळतो का बघ' असं आपण ऐकलेलं असतं, ताळेबंद हा शब्दही माहीत असतो, पण ताळा करायचा कसा हे मला कोणी शिकवलं नव्हतं. काकांचा ताळा नवाचा होता. संख्येतले सगळे आकडे मिळवायचे. उत्तर एकाहून जास्त आकड्यांचं आलं तर तेही आकडे मिळवायचे, एक आकडा उरेपर्यंत. एकामागून एक येणाऱ्या लेबलांचा ताळा एकेकाने पुढे सरकायला हवा, आणि ९ नंतर पुन्हा १ यायला हवा. सगळ्यांचा ताळा सारखाच आला, तर काहीतरी गडबड आहे. मशीन नको, स्कॅनर नको.

हे चालतं का, तर १० मधून ९ काढले की १ उरतो, १०० मधून ९९ काढले की १ उरतो, १००० मधून ९९९ काढले तरी १ च. म्हणून ४३२ मधून नवांचे सगळे गठ्ठे काढायचे तर ४ शंभरांमागे ४ उरतात, ३ दहांमागे ३, आणि सुटे २. एकूण ९. आकड्यांची बेरीज म्हणजे नवांचे गठ्ठे बांधून झाल्यावर हातात राहिलेली मोड. आणि दोन संख्यांचा गुणाकार केला की त्यांच्या मोडीचाही गुणाकार होतो, त्यातून परत गठ्ठे बांधले की झालं.

आता आपली संख्या तपासू. नऊ वेळा १, म्हणजे बेरीज ९. ९ गुणिले ९ म्हणजे ८१, पुन्हा मिळवले की ९. उत्तराचा ताळा ९ यायलाच हवा.

१२३४५६७८९८७६५४३२१ ची बेरीज ८१, ताळा ९. जुळला.
स्प्रेडशीटच्या १२३४५६७८९८७६५४३०० ची बेरीज ७८, ताळा ६. पकडलं!
डबलच्या १२३४५६७८९८७६५४३२० ची बेरीज ८०, ताळा ८. पकडलं!
इंटच्या १६५३७३२५२९ ची बेरीज ४३, ताळा ७. पकडलं!

तीन यंत्रांच्या तीन चुका, एका पेन्सिलने. मी काकांना हे दाखवलं तेव्हा ते म्हणाले, 'बरोबर. एक्याऐंशीचा ताळा नऊच.' मी हळूच विचारलं, 'एक्याऐंशी म्हणजे एटी-वन ना?' त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्या रात्री मी एकपासून शंभरपर्यंत मराठी आकडे वहीत लिहून काढले.

आणि हातच्याची गंमत इथेही आहे. हातचा येत नसेल तर गुणाकाराच्या आकड्यांची बेरीज नेमकी दोन बेरजांच्या गुणाकाराइतकी येते: ९ × ९ = ८१. दर हातच्यामागे ती ९ ने घटते, कारण १० जातात आणि १ येतो. दहा वेळा १ च्या वर्गात १० × १० = १०० यायला हवेत, पण दोन हातचे आले, म्हणून १०० वजा १८, बरोबर ८२. वरच्या १९ आकड्यांची बेरीज करून बघा. म्हणजे ताळा का जुळतो, तर हातचा कितीही वेळा आला तरी तो नवांच्या गठ्ठ्यांनीच जातो-येतो. मोड तेवढीच राहते. हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मला हर्षद या शब्दाचा अर्थही कळला.

प्रामाणिकपणे सांगायचं तर नवाचा ताळा सगळं पकडत नाही. ताळा जुळला नाही तर चूक नक्की आहे, पण जुळला म्हणजे उत्तर बरोबरच, असं नाही. ५४ च्या जागी ४५ लिहिलं तर बेरीज तीच राहते. ० च्या जागी ९ पडला तरी तेच. त्यासाठी अकराचा ताळा आहे: उजवीकडून सुरुवात करून एक आकडा मिळवायचा, पुढचा वजा करायचा, असं आळीपाळीने. आपल्या संख्येत तो १ येतो, आणि नऊ वेळा १ लिहिलेल्या संख्येतही १ येतो. १ चा वर्ग १. जुळला. शेजारचे दोन वेगळे आकडे उलटसुलट झाले तर हा ताळा बिघडतो.

ताळा जुना झाला असं वाटत असेल तर जवळचं कुठलंही बिस्किटाचं पाकीट उचला. १३ आकडी बारकोडमधला शेवटचा आकडा हा ताळ्याचाच आकडा असतो: बाकीच्या बाराचे एकाआड एक आकडे १ ने आणि ३ ने गुणून मिळवायचे, आणि एकूण बेरीज १० च्या पटीत येईल असा तेरावा आकडा बसवायचा. पुस्तकांवरच्या जुन्या १० आकडी आयएसबीएनमध्ये अकराचा ताळा असतो, म्हणून तिथे कधीकधी शेवटी एक्स दिसतो. आधारच्या १२ आकड्यांतला शेवटचाही ताळ्याचाच. आमच्या त्या १७ आकडी लेबलात तेवढा एकच आकडा नव्हता. असता, तर टेम्पो गेटपर्यंत गेलाच नसता.

ट्रेनिंगच्या शेवटच्या आठवड्यात मी त्या मुलाला ताळा शिकवला. खरं तर अर्धा मीच चुकले, कारण बेरीज मी इंग्रजीत करत होते आणि तो मराठीत, आणि तो माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने करत होता. आता तो लेबल चिकटवण्याआधी पहिल्या आणि शेवटच्या बॉक्सचा ताळा चलनाच्या मागे पेन्सिलने लिहितो. काकांची सही असते, त्याखाली त्याचा आकडा. परवा हजेरी कापायची वेळ आली, तर त्याच्याकडे दाखवायला काहीतरी आहे.

कापरेकरांच्या आकड्यांचा उपयोग काय, असं कोणी विचारलं तर मी एवढंच सांगू शकते. १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या मला पाठ नसती, तर स्प्रेडशीटच्या शेवटच्या दोन शून्यांवर मी विश्वास ठेवला असता आणि एका मुलाची एका दिवसाची हजेरी गेली असती. मास्तरांना हा उपयोग अभिप्रेत होता असं मी म्हणणार नाही. पण पाठ असलेल्या एका उत्तराचा आधार असला की 'मशीनचं चुकलं असेल' असं म्हणायचं धैर्य येतं. आणि 'माझं चुकलं' असं म्हणायचंही.

तर मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी सबमिशनच्या आदल्या रात्री शेजारच्या रूममधून रीडिंग्ज उतरवून घ्याल, तेव्हा निदान एक ताळा करून बघा. आणि मावशींच्या मेसच्या बिलाचाही करा. मी केला. त्यांचा जुळला. माझाच एक हातचा राहिला होता!